सोमवारी सकाळी सर्व्हिस का बनत नाही? एडब्ल्यूएस लोड बॅलन्सर कंट्रोलरचं पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारं दुखणं

सोमवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार ते मला पाठ झालं होतं. "दादा, परत तेच झालंय. प्रीव्ह्यू एन्व्हायर्नमेंट उठतच नाहीयेत, सगळ्या पाइपलाइन लाल." मग आमच्यापैकी कोणीतरी क्लस्टरवर जायचं, एक वेबहुक (ते काय असतं ते पुढे सांगतो) डिलीट करायचं, पाइपलाइन पुन्हा चालवायची आणि दहा मिनिटांत सगळं हिरवं. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. जवळपास दोन महिने हे असंच चाललं. शेवटी एका सोमवारी ठरवलं की आज वेबहुकला हात लावायचा नाही. लाल तर लाल, पण मुळापर्यंत जायचं. त्या दिवशी आणि पुढच्या दोन आठवड्यांत जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितोय. एडब्ल्यूएस लोड बॅलन्सर कंट्रोलर वापरणाऱ्या बहुतेक टीमना यातलं काही ना काही भेटतंच.

आमची मांडणी आधी सांगतो. टीम पुण्यात, क्लस्टर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनचा गट) ईकेएसवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या तयार कुबरनेटीस सेवेवर, रीजन मुंबईची, म्हणजे एपी-साउथ-१. क्लस्टर फक्त डेव्हलपमेंटचा. प्रत्येक फीचर ब्रँचसाठी एक नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) उभी राहते, तिच्यात चार-पाच सर्व्हिस (ॲपपर्यंत पोचायचे पत्ते) आणि एक इन्ग्रेस (बाहेरची वाहतूक आत आणायचे नियम). खर्च वाचावा म्हणून शुक्रवारी रात्री सगळे नोड, म्हणजे क्लस्टरमधली मशीन, शून्यावर जातात आणि सोमवारी सकाळी साडेआठला परत येतात. त्याच सुमारास पाइपलाइन जाग्या होतात.

आणि एरर ही अशी: "फेल्ड कॉलिंग वेबहुक एमसर्व्हिस डॉट ईएलबीव्ही२ डॉट के८एस डॉट एडब्ल्यूएस", आणि त्याच ओळीच्या शेवटी "नो एंडपॉइंट्स अव्हेलेबल फॉर सर्व्हिस एडब्ल्यूएस-लोड-बॅलन्सर-वेबहुक-सर्व्हिस".

गंमत नाही, खरंच चक्रावून टाकणारी गोष्ट ही होती की आमच्या त्या सर्व्हिस साध्या क्लस्टरआयपी प्रकारच्या, म्हणजे फक्त क्लस्टरच्या आत चालणाऱ्या होत्या. लोड बॅलन्सरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मग लोड बॅलन्सरचा कंट्रोलर त्यांच्या आड का येतोय?

हा कंट्रोलर नेमका कुठे उभा असतो

कंट्रोलरचं मुख्य काम सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही इन्ग्रेस लिहिला की तो एडब्ल्यूएसमध्ये एएलबी (वेब वाहतुकीचा लोड बॅलन्सर) उभा करतो, लिसनर लावतो, रूल लिहितो, टार्गेट ग्रुप बनवून त्यात पॉड (ॲपचे चालू कंटेनर) नोंदवतो. लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस लिहिली तर एनएलबी (नेटवर्क पातळीवरचा लोड बॅलन्सर). पॉड बदलले की टार्गेट बदलतो, इन्ग्रेस काढला की एएलबी पाडतो. हाताने करायची दगदग तो सतत मागे राहून करत असतो.

त्याचं दुसरं काम मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. तो कुबरनेटीसच्या एपीआय सर्व्हरच्या, म्हणजे क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या घेणाऱ्या सर्व्हरच्या, दारातही उभा असतो. काही विशिष्ट वस्तू तयार होण्याआधी एपीआय सर्व्हर त्याला विचारतो, "हे चालेल का? यात काही भर घालायची आहे का?" हेच वेबहुक. २.५ या आवृत्तीपासून त्यात सर्व्हिसचा म्युटेटिंग, म्हणजे आलेल्या वस्तूत बदल करू शकणारा, वेबहुक आला. उद्देश चांगला होता. कोणी लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस लिहिली आणि क्लास (ती कोण सांभाळणार हे सांगणारा रकाना) दिला नाही, तर कंट्रोलर स्वतःचा क्लास त्यात भरतो आणि ती सर्व्हिस आपल्या ताब्यात घेतो. पण तो वेबहुक विचारला जातो प्रत्येक नव्या सर्व्हिससाठी, प्रकार कोणताही असो. आणि त्याची फेल्युअर पॉलिसी "फेल" आहे, म्हणजे उत्तर देणारा कोणी नसेल तर सर्व्हिस बनणारच नाही.

इथेच आमच्या कोड्याचं उत्तर होतं. दारावरचा माणूस जागेवर नसेल तर दार उघडत नाही, मग आत जाणारा कोणत्याही कामाला आलेला असो.

शोधताना जुन्या लेखांपासून जरा सावध राहा. हा कंट्रोलर २०१७ मध्ये टिकेटमास्टर आणि कोअरओएस यांनी मिळून लिहिला तेव्हा त्याचं नाव एएलबी इन्ग्रेस कंट्रोलर होतं. २०१८ मध्ये तो कुबरनेटीसच्या एडब्ल्यूएस गटाकडे आला आणि २०२० मध्ये दुसऱ्या आवृत्तीबरोबर आजचं नाव मिळालं. जुन्या नावाने लिहिलेल्या लेखांत या सर्व्हिस वेबहुकचा उल्लेखच सापडत नाही. आमचा एक आख्खा दिवस त्यांच्यातच गेला.

आधी एररची शेपटी वाचा

या कंट्रोलरच्या वेबहुकची एरर लांबलचक असते आणि घाईत आपण तिचं तोंड वाचतो: "फेल्ड कॉलिंग वेबहुक". ते तोंड नेहमी सारखंच असतं. निदान शेवटच्या सात-आठ शब्दांत असतं, आणि मला भेटलेल्या शेपट्या तीनच.

"नो एंडपॉइंट्स अव्हेलेबल" ही तत्काळ येते, अगदी क्षणात. अर्थ: वेबहुकच्या मागे एकही तयार पॉड नाही.

"कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड" यायला दहा सेकंद लागतात, कारण वेबहुकचा ठरलेला टाइमआउट तेवढा आहे. अर्थ: मागे पॉड आहे, पण तिथपर्यंतचा रस्ता बंद आहे.

"एक्स५०९, सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन ऑथॉरिटी" म्हणजे रस्ता उघडा, पॉडही हजर, पण ओळखपत्र जुळत नाही.

तिन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. एकीचं औषध दुसरीला दिलं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही वेबहुक डिलीट करत होतो ते त्यातलंच. डिलीट केलं की दारच निघून जातं, म्हणून तेवढ्यापुरतं काम होतं. पुढे हेल्म किंवा आर्गो सीडी (क्लस्टरवर ॲप बसवणारी साधनं) यांचं सिंक झालं की दार परत लागतं.

पहिली शेपटी: मागे कोणीच नाही

आम्ही पहिल्यांदा ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली ती अशी. सोमवारी साडेआठच्या आधीच दोन टर्मिनल उघडून बसलो. एकावर कुब-सिस्टीम नेमस्पेसमधले पॉड सतत बघत राहणारी कमांड: "कुबसीटीएल गेट पॉड्स -एन कुब-सिस्टीम -डब्ल्यू". दुसऱ्यावर सगळ्या नेमस्पेसचे इव्हेंट.

नोड आले. आधी नेटवर्कचा डीमनसेट (प्रत्येक नोडवर चालणारे पॉड) उठला, मग कोअरडीएनएस (क्लस्टरमधली नावं शोधून देणारा). कंट्रोलरचे दोन्ही पॉड "कंटेनर क्रिएटिंग"मध्ये होते, इमेज खाली येत होती. आणि शेजारच्या टर्मिनलवर तेवढ्यातच पाइपलाइनचा पहिला हेल्म इन्स्टॉल धडकला आणि आपटला. कंट्रोलर "रनिंग" झाला तेव्हा पाइपलाइन केव्हाच लाल होऊन गेली होती. अंतर मिनिटभराचंच. पावणेनऊला फोन उचलून आम्ही बघायला जायचो तेव्हा दोन्ही पॉड ठणठणीत दिसायचे, म्हणून दोन महिने आमचा संशयच त्यांच्यावर गेला नाही. वेबहुक डिलीट न करता नुसती पाइपलाइन पुन्हा चालवली असती तरी ती हिरवी झाली असती!

हीच शेपटी नव्या क्लस्टरच्या पहिल्या उभारणीतही दिसते आणि तिथे ती जास्त छळते. टेराफॉर्म (क्लस्टर वगैरे उभारणारं साधन) एकाच वेळी चार-पाच चार्ट (हेल्मची पॅकेजं) लावतो. कंट्रोलरच्या चार्टने वेबहुकची नोंद करून टाकलेली असते, पण त्याचे पॉड अजून तयार नसतात. मधल्या काळात मेट्रिक्स सर्व्हर किंवा प्रोमिथियसच्या चार्टची सर्व्हिस आली की ती पडते. तिथला इलाज सोपा आहे. कंट्रोलरच्या रिलीजला "वेट" चालू ठेवायचं आणि बाकीच्या चार्टना त्याच्यावर "डिपेंड्स ऑन" लावायचं. एक खरी कोंडी मात्र लक्षात ठेवा. कंट्रोलरचं सर्टिफिकेट सर्ट-मॅनेजरकडून (क्लस्टरमध्ये सर्टिफिकेट बनवून देणाऱ्या साधनाकडून) घ्यायचं ठरवलं असेल तर सर्ट-मॅनेजर आधी पूर्ण उभा राहिला पाहिजे. क्रम उलटा झाला तर कंट्रोलर सर्टिफिकेटची वाट बघत अडतो, वेबहुक सर्ट-मॅनेजरची सर्व्हिस अडवतो, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. ते आपोआप कधीच सुटत नाही.

आता आमच्या दुरुस्तीकडे येतो. पहिली पायरी म्हणून सर्व्हिसचा वेबहुक बंद केला. चार्टमध्ये त्यासाठी "एनेबल सर्व्हिस म्युटेटर वेबहुक" अशी किल्ली आहे, चारही शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे, आणि किंमत "फॉल्स". माझं स्पष्ट मत आहे की ज्या टीमच्या जवळजवळ सगळ्या सर्व्हिस क्लस्टरआयपी आहेत आणि बाहेरची वाहतूक इन्ग्रेसमधून येते, त्यांनी ही किल्ली पहिल्या दिवसापासून फॉल्सच ठेवावी. दोन-तीन एनएलबींच्या सोयीसाठी सगळ्या क्लस्टरच्या सर्व्हिस एका पॉडच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्याची एक बाजू सांभाळावी लागते. वेबहुक बंद केल्यावर क्लास न दिलेली लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस या कंट्रोलरकडे येत नाही. ती जुन्या यंत्रणेकडे जाते आणि क्लासिक लोड बॅलन्सर उभा राहतो. म्हणून अशा प्रत्येक सर्व्हिसच्या स्पेकमध्ये लोडबॅलन्सर क्लास स्वतः लिहा: "सर्व्हिस डॉट के८एस डॉट एडब्ल्यूएस स्लॅश एनएलबी". हा रकाना सर्व्हिस बनतानाच भरायचा असतो, नंतर बदलता येत नाही. चुकला तर सर्व्हिस काढून नवी करावी लागते, आणि मग लोड बॅलन्सरचं डीएनएस नाव बदलतं. आधीच नीट बघून घ्या.

बदल लावला, आणि पुढच्या सोमवारी फोन आलाच!

एरर तीच, शेपटीही तीच. बारकाईने पाहिलं तर फक्त वेबहुकचं नाव बदललं होतं: "एमसर्व्हिस"च्या जागी "व्हीइन्ग्रेस". इन्ग्रेस तपासणारा वेबहुक वेगळा आहे, आणि तोही उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पाइपलाइन सर्व्हिसची पायरी ओलांडून इन्ग्रेसच्या पायरीवर पडत होती. तेव्हा कुठे खरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. कंट्रोलरला आम्ही इतर ॲपसारखंच झोपवत आणि उठवत होतो. क्लस्टर जागा असेपर्यंत तो जागा असलाच पाहिजे, सगळ्यांच्या आधी उठलेला आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारा.

म्हणून दोन छोट्या नोडचा एक वेगळा नोड ग्रुप केला, दोन वेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, जो शनिवार-रविवारीही बंद होत नाही. कंट्रोलर आणि कोअरडीएनएस नोड सिलेक्टर लावून तिथे बसवले. चार्ट मुळात दोन रेप्लिका (एकाच पॉडच्या प्रती) देतो आणि ते वेगळ्या नोडवर बसावेत अशी इच्छाही व्यक्त करतो, पण ती फक्त पसंती असते, सक्ती नाही. सुरुवातीला एकच नोड तयार असेल तर दोन्ही पॉड त्याच्यावरच जाऊन बसतात आणि तो नोड ड्रेन (रिकामा) झाला की एकदम दोघेही जातात. आम्ही ती सक्ती केली. पॉड डिसरप्शन बजेट चार्ट स्वतःहून देत नाही, तेही लावलं, एका वेळी एकच पॉड खाली येईल असं.

शिवाय पाइपलाइनच्या सुरुवातीला एक ओळ घातली: "कुबसीटीएल रोलआउट स्टेटस डिप्लॉयमेंट/एडब्ल्यूएस-लोड-बॅलन्सर-कंट्रोलर -एन कुब-सिस्टीम --टाइमआउट=१८०एस". कंट्रोलर तयार नसेल तर पाइपलाइन तिथेच थांबून वाट बघते.

दुरुस्ती झाली का हे सोमवारची वाट न बघता तपासता येतं. चाचणीच्या क्लस्टरवर कंट्रोलरचे रेप्लिका मुद्दाम शून्य करा आणि एक साधी क्लस्टरआयपी सर्व्हिस बनवून बघा. वेबहुक बंद असेल तर ती बनते. इन्ग्रेस मात्र पडेल, आणि ते तसंच व्हायला हवं. हा प्रयोग दुरुस्तीच्या आधी आणि नंतर असा दोन्ही वेळा करा, मगच आपण योग्य ठिकाणी हात घातलाय याची खात्री पटते.

दुसरी शेपटी: रस्ता बंद

पॉड चालू आहेत, वेबहुकच्या सर्व्हिसमागे एंडपॉइंटही दिसतायत, तरी दहा सेकंद थांबून "डेडलाइन एक्सीडेड". इथे दहापैकी नऊ वेळा सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसची फायरवॉल) बघावा.

वेबहुकची सर्व्हिस ४४३ या पोर्टवर असते, म्हणून लोक कंट्रोल प्लेनकडून (जिथे एपीआय सर्व्हर चालतो त्या बाजूकडून) नोडकडे ४४३ उघडतात आणि तरी काही होत नाही म्हणून हैराण होतात. ईकेएसमधला एपीआय सर्व्हर थेट पॉडच्या आयपीवर जातो, आणि पॉड ऐकतो ९४४३ वर. उघडायचा पोर्ट तोच. ईकेएसने स्वतः बनवलेला क्लस्टर सिक्युरिटी ग्रुप नोडना लावलेला असेल तर हा प्रश्न येत नाही. नोडना स्वतःचा वेगळा ग्रुप दिला की येतो.

खात्री करायची तर व्हीपीसी (एडब्ल्यूएसमधलं आपलं खासगी नेटवर्क) फ्लो लॉगमध्ये डेस्टिनेशन पोर्ट ९४४३ आणि "रिजेक्ट" असं शोधा. अशी एक जरी ओळ सापडली तर वाद संपला.

उरलेली एक वेळ नेटवर्कच्या प्लगइनची असते. पॉडना व्हीपीसीबाहेरचे, ओव्हरले नेटवर्कचे आयपी देणारी मांडणी असेल, तर कंट्रोल प्लेनला ते आयपी माहीतच नसतात आणि कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. अशा वेळी चार्टमध्ये "होस्ट नेटवर्क" ट्रू करून कंट्रोलर नोडच्याच आयपीवर आणावा लागतो.

तिसरी शेपटी: ओळखपत्र जुळत नाही

ही आर्गो सीडी वापरणाऱ्यांना हमखास भेटते, आणि तीही प्रत्येक सिंकनंतर नव्याने. कारण चार्टच्या रचनेत आहे. चार्ट स्वतःच एक सर्टिफिकेट बनवतो. ते एका सीक्रेटमध्ये ठेवतो आणि त्याची सीए (त्यावर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट) वेबहुकच्या नोंदीत लिहितो. हेल्म थेट चालवला तर तो आधीचं सीक्रेट क्लस्टरमध्ये शोधतो आणि सापडलं तर तेच वापरतो. आर्गो सीडी मात्र क्लस्टरला न विचारता फक्त टेम्प्लेट काढतो, त्यामुळे दर वेळी नवं सर्टिफिकेट जन्माला येतं. वेबहुकच्या नोंदीत नवी सीए गेलेली असते, आणि पॉडच्या हातात थोडा वेळ जुनंच सर्टिफिकेट असतं.

सर्टिफिकेटची मुदत संपली असेल असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. चार्टने बनवलेलं सर्टिफिकेट ३६५० दिवसांचं असतं, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका. "कुबसीटीएल रोलआउट रिस्टार्ट" केलं की बरं वाटतं, पण ती मलमपट्टी झाली. कायमचे उपाय दोन. एक, सर्टिफिकेटचं काम सर्ट-मॅनेजरकडे द्यायचं, वर सांगितलेला क्रम सांभाळून. दोन, आर्गो सीडीला त्या सीक्रेटच्या डेटाकडे आणि वेबहुकमधल्या सीए बंडलकडे दुर्लक्ष करायला सांगायचं. दुसऱ्या उपायात सिंक ऑप्शन्समध्ये "रिस्पेक्ट इग्नोर डिफरन्सेस" ट्रू करायला विसरलात तर आर्गो फरक दाखवणार नाही, पण सिंक करताना ते लिहून टाकेलच. आम्ही नेमकं तेच विसरलो होतो आणि आणखी एक आठवडा त्यात गेला.

वेबहुक पार झालं, पण एएलबी येत नाही

इन्ग्रेस बनला, पण ॲड्रेसचा रकाना रिकामा. इथे गोष्ट बदलते. अडचण आता एपीआय सर्व्हर आणि कंट्रोलर यांच्यातली नाही, कंट्रोलर आणि एडब्ल्यूएस यांच्यातली आहे. "कुबसीटीएल डिस्क्राइब इन्ग्रेस" करून खालचे इव्हेंट वाचा, बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं. तिथे काहीच नसेल तर इन्ग्रेसमध्ये क्लासचं नाव "एएलबी" आहे का ते बघा, नसेल तर कंट्रोलर त्याच्याकडे वळूनही बघत नाही. लॉग बघताना एक गोष्ट लक्षात असू द्या. वेबहुकला दोन्ही पॉड उत्तर देतात, पण एएलबी बनवण्याचं काम त्या घटकेला लीडर असलेला एकच पॉड करतो. दुसऱ्याचा लॉग शांत असतो आणि तो बघून "कंट्रोलर काही करतच नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लीडर कोण हे कुब-सिस्टीममधली "एडब्ल्यूएस-लोड-बॅलन्सर-कंट्रोलर-लीडर" ही लीज (ताबा कोणाकडे आहे याची नोंद) सांगते.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी तक्रार म्हणजे "नॉट ऑथराइज्ड टू परफॉर्म एसटीएस असूमरोल विथ वेब आयडेंटिटी". कंट्रोलरला जो आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधल्या परवानग्यांची ओळख) दिलेला असतो त्याच्या ट्रस्ट पॉलिसीत क्लस्टरच्या ओआयडीसी प्रोव्हायडरचा (ओळख पटवून देणाऱ्या सेवेचा) पत्ता आणि सर्व्हिस अकाउंटचं नाव असतं, नेमस्पेससकट. ते अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आमच्याकडे ही तक्रार पुन्हा पुन्हा यायची, कारण चाचणीचा क्लस्टर आम्ही पाडून त्याच नावाने परत उभा करायचो. नाव तेच राहतं, पण ओआयडीसीचा पत्ता प्रत्येक नव्या क्लस्टरला नवा मिळतो, आणि ट्रस्ट पॉलिसीत जुनाच पत्ता बसलेला असतो. तो पत्ता हाताने न लिहिता टेराफॉर्मने क्लस्टरकडूनच घ्यावा. २०२३ च्या अखेरीस आलेली ईकेएस पॉड आयडेंटिटी वापरली तर ही ओआयडीसीची भानगडच राहत नाही. नव्या क्लस्टरला मी तीच घेतो. आणि सर्व्हिस अकाउंटवर रोलचं ॲनोटेशन नंतर लावलं असेल तर पॉड रिस्टार्ट करा, कारण ती माहिती पॉड जन्माला येतानाच त्याच्यात घातली जाते.

"कुडंट ऑटो-डिस्कव्हर सबनेट्स" असेल तर सबनेटचे टॅग बघा. बाहेरच्या लोड बॅलन्सरसाठी पब्लिक सबनेटवर "कुबरनेटीस डॉट आयओ/रोल/ईएलबी", आतल्यासाठी प्रायव्हेट सबनेटवर "कुबरनेटीस डॉट आयओ/रोल/इंटर्नल-ईएलबी", किंमत १. एएलबीला किमान दोन अव्हेलेबिलिटी झोनमधले सबनेट लागतात आणि प्रत्येकात निदान आठ आयपी मोकळे. "एक्स्पेक्टेड एक्झॅक्टली वन सिक्युरिटी ग्रुप" असेल तर एकाच नोडच्या दोन सिक्युरिटी ग्रुपवर क्लस्टरचा टॅग बसलाय, एकावरचा काढा. "फेल्ड टू इंट्रोस्पेक्ट व्हीपीसी आयडी" असेल तर पॉडला नोडच्या मेटाडेटापर्यंत जाता येत नाहीये. चार्टमध्ये रीजन आणि व्हीपीसी आयडी स्वतः लिहून द्या, काम झालं.

अपग्रेडनंतर अचानक परवानगीच्या तक्रारी सुरू झाल्या तर बहुधा आयएएम पॉलिसी जुन्या आवृत्तीची राहिलेली असते. नव्या आवृत्तीला नव्या परवानग्या लागतात, आणि चार्ट काही तुमची पॉलिसी बदलत नाही. तसंच हेल्म अपग्रेड चार्टच्या सीआरडींना (कंट्रोलरच्या खास वस्तूंच्या व्याख्यांना) हात लावत नाही, त्या वेगळ्या अप्लाय कराव्या लागतात. आमच्या अपग्रेडच्या कागदावर आता चार्टच्या आवृत्तीच्या वरच या दोन ओळी आहेत.

काढताना क्रम उलटा

शुक्रवारी रात्रीचीही एक तक्रार होती, तिचा सोमवारशी संबंध आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. जुन्या ब्रँचच्या नेमस्पेस साफ करणारा जॉब रात्री अकराला आमच्या सीआय सर्व्हरवरून चालायचा, आणि शनिवारी बघावं तर त्या नेमस्पेस "टर्मिनेटिंग"मध्ये लटकलेल्या. सोमवारी आपोआप नाहीशा व्हायच्या, म्हणून कोणी खोलात गेलं नाही.

कारण असं. कंट्रोलर ज्या इन्ग्रेससाठी एएलबी बनवतो त्याच्यावर एक फायनलायझर लावून ठेवतो: "इन्ग्रेस डॉट के८एस डॉट एडब्ल्यूएस/रिसोर्सेस". आधी एएलबी पाडीन आणि मगच हा इन्ग्रेस जाऊ देईन, अशी ती खूण. आमचे नोड दहालाच शून्यावर जायचे, म्हणजे अकराला ती खूण काढणारा कंट्रोलर हजरच नसायचा. नोड ग्रुप कायम चालू ठेवल्यावर हेही दुखणं गेलं.

अशा वेळी नेटवर एक उपाय सर्रास सांगितला जातो: फायनलायझर हाताने पॅच करून रिकामा करा. कृपा करून करू नका. नेमस्पेस लगेच जाते, पण एएलबी आणि त्याचा सिक्युरिटी ग्रुप एडब्ल्यूएसमध्ये बेवारस राहतो. वाहतूक शून्य असली तरी एएलबीचे तासाप्रमाणे पैसे लागतच राहतात, आणि कधी व्हीपीसी पाडायला गेलात की "डिपेंडन्सी व्हायोलेशन" म्हणून अडकतं. कंट्रोलर परत उठवा, तो स्वतः साफ करेल.

क्लस्टर पूर्ण काढायचा असेल तेव्हाही हाच क्रम. आधी सगळे इन्ग्रेस आणि लोडबॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिस काढायच्या, त्या खरंच गेल्याची वाट बघायची, मग कंट्रोलरचा हेल्म रिलीज, मग आयएएम रोल, आणि शेवटी नोड. पूर्वी कोणी फायनलायझर तोडून ठेवले असतील तर मागे राहिलेले एएलबी शोधायला कंट्रोलरचाच टॅग उपयोगी पडतो. तो प्रत्येक लोड बॅलन्सरवर "ईएलबीव्ही२ डॉट के८एस डॉट एडब्ल्यूएस/क्लस्टर" या नावाने क्लस्टरचं नाव लिहून ठेवतो. त्या टॅगने शोधलं तेव्हा आमच्या मुंबई रीजनमध्ये, केव्हाच पाडून टाकलेल्या एका क्लस्टरच्या नावाचे चार एएलबी अजून उभे होते.